सूर्यमाळचा राहिलेला धवळा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला बोल लावताना कोणाला अडखळायला नको. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात मी एक शब्द शोधायला गेलो होतो. शब्द मिळाला. पण त्यापायी सूर्यमाळच्या एका म्हाताऱ्याचं लग्न राहिलं, आणि ते आता कधीच लागायचं नाही. नवरी आजारी होती, घटका मोजत होती, आणि तिचं लग्न जी बाई लावणार होती तिला मी खोडाळ्याच्या बाजारात दीड दिवस बसवून ठेवलं. नवरी आजारी आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायला मी विचारलं तरी कुठे होतं? मी फक्त शब्दच विचारत होतो.

मी नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवतो. माझे गुरू आबासाहेब आता थकले आहेत; डोळे जवळजवळ गेले आहेत. त्यांनी उभा जन्म एका कोशापायी घातला. एका शब्दाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर शब्द, मूळ, अर्थ, आणि शेवटी वाक्यात उपयोग. अशा चिठ्ठ्यांनी त्यांच्या घरातले पत्र्याचे डबे भरले आहेत. एकदा त्यांच्या सूनबाईंनी चहाचा डबा म्हणून उघडला तर आतून 'च'च्या चिठ्ठ्या निघाल्या. पण एक चिठ्ठी त्यांनी कैक वर्षं अडवून ठेवली होती. शब्द 'धवळा'.

लग्नात बायका म्हणतात ती गाणी म्हणजे धवळे. आपल्या जुन्या पोथ्यांत सापडतात, घरात आता कोणी म्हणत नाही. गुजराथेत त्यालाच धोळ म्हणतात. मारवाडात धवळ-मंगळ. खाली कानडी मुलखात धवल. एवढ्या लांबलांबच्या मुलखांत एकच शब्द आणि सगळीकडे बायकांच्या तोंडी! आता मूळ काय? आबासाहेबांचं म्हणणं, धवल म्हणजे पांढरं, म्हणून स्वच्छ, म्हणून मंगल. पुण्याचे एक शास्त्रीबुवा पत्रांतून त्यांच्याशी भांडत असत, की प्राकृतात धवल म्हणजे जातिवंत बैल. जू खांद्यावर घेऊन ओढणारा. तेव्हा नवरदेवाला बैलाची उपमा देऊन गायलेला तो धवळा. पांढरं की बैल, यावर दोघांनी केवढी शाई घातली असेल, देव जाणे.

मग कोणीतरी आबासाहेबांना सांगितलं, जव्हारकडच्या डोंगरातल्या वारली लोकांत लग्न लावायला ब्राह्मण नसतो. एक बाई धवळे म्हणते आणि लग्न लागतं. त्या बाईलाच धवळेरी म्हणतात.

"अरे, मग आपण भांडतोय कशाला?" आबासाहेब म्हणाले. "जा, आणि तिलाच विचार. माझे डोळे आहेत तोवर ये."

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी निघालो.

जव्हार

त्र्यंबकच्या पुढे बैलांच्या दमणीत माझी हाडं कशी खिळखिळी झाली ते लिहीत नाही. ज्याची हाडं त्यानेच मोजावीत. जव्हार मात्र आवडलं. उंचावरचं गाव, चैत्रातसुद्धा सकाळी अंगावर उपरणं घ्यावं असा वारा. संस्थानचं गाव असल्यामुळे सगळ्या गोष्टी जरा हळू आणि जरा मोठ्या आवाजात चालतात. माझ्या मेव्हण्याचे स्नेही वामनराव दरबारात कारकून आहेत, त्यांच्याकडे उतरलो. त्यांच्या घरी जेवणात नागलीचे पापड आणि उडदाचं घुटं वाढलं. आमच्याकडे नागली म्हणजे आजाऱ्याची आंबील. इथे ती सगळ्यांचं पोट आहे. मी तीन पापड खाल्ले तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "भावजींना संस्थान मानवलं वाटतं!"

बाजारात एक गुजराथी वाणी भेटला. त्याला धवळ्याबद्दल विचारलं तर तो तागडी खाली ठेवून हसायला लागला. "अमारामां धोळ कहेवाय," म्हणाला, आणि दुकानातूनच आत हाक मारून बायकोला बोलावलं. ती बाई पदर तोंडाशी धरून आली आणि गिऱ्हाइकांसमोर दोन ओळी म्हणूनही गेली. शब्दाचा अर्थ दोघांनाही ठाऊक नव्हता. "गावानुं होय, एमां अर्थ शुं?" असं तो म्हणाला, म्हणजे गाण्यात अर्थ कसला बघता. मी ते वहीत उतरून घेतलं आणि मनात त्याला अडाणी ठरवून टाकलं.

वामनरावांनी दुसऱ्या दिवशी मला सोबतीला गणपत नावाचा पट्टेवाला मिळवून दिला. पोक्त माणूस, पल्लेदार मिश्या, छातीवर आडवा पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला तो रोज चिंचेने घाशी. चांगली धवळेरी कुठे मिळेल म्हणून वामनरावांनी विचारलं तेव्हा गणपतच म्हणाला, "सूर्यमाळची जिवलीबाय. पण तिथवर चढायला नको रावसाहेब, खोडाळ्याच्या बाजाराला ती खाली उतरते. तिथंच धरू."

धरू! मला तेव्हा हा शब्द खटकलाही नाही, आणि म्हणे मी शब्दांचा माणूस.

खोडाळा

वाटेत संस्थानची हद्द संपते आणि खालसा, म्हणजे इंग्रज सरकारचा मुलूख लागतो. म्हणजे खोडाळ्यात गणपतच्या बिल्ल्याला कवडीची किंमत नव्हती. पण ते डोंगरातल्या माणसांना कोण सांगणार? पितळ चमकलं की ती बाजूला होतात, मग ते राजाचं असो की सरकारचं.

बाजार मोठा. मोहाची फुलं, सुकट, मडकी, बांगड्या, हळदकुंकू. एका झाडाखाली मी मोहाची फुलं चार-सहा तोंडात टाकली, गोड लागली म्हणून आणखी टाकली, आणि मग तासभर डोकं धरून बसलो. गणपत हसू दाबत म्हणाला, "रावसाहेब, ह्यांची दारू नुसती गाळूनच होते असं नाही."

तेवढ्यात त्यानेच जिवलीबायला हेरलं. काळीसावळी, सडसडीत, केस पिकलेले, हातात हळकुंडांची पुडी आणि हिरव्या बांगड्यांची जुडी. ती परत डोंगराच्या वाटेला लागली होती.

"ए बाय, थांब!" गणपत ओरडला. "साहेब आलेत. तुझ्याशी काम आहे."

ती थांबली. जवळ आली. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "काय रं दादा, काय पायजे तुना?"

या डोंगरात अहो-जाहो नाही. लहानथोर, साहेब, सावकार, सगळ्यांना एकच 'तू'. गणपतला ते अगदी खपेना, पण मला बरं वाटलं. मी तिला चावडीच्या ओट्यावर बसवलं, दौत उघडली आणि म्हटलं, "बाई, मला धवळा ऐकायचा आहे."

"धवळा असा नाय म्हणत. लगीन असला तर म्हणतात."

"बरं, मग म्हणू नकोस, सांग. त्याचा अर्थ काय?"

बांगड्यांची जुडी सावरत ती म्हणाली, "मना जायाला पायजे, दादा. सूर्यमाळला लगीन हाय. नवरी वाट बघते."

लग्न! मला तर आनंदच झाला. मी विचारलं, "मुहूर्त कधीचा?"

"मुहूर्त नाय. मी जाईन तवा."

आता यात माझी चूक कशी झाली पाहा. आमच्याकडे मुहूर्त म्हणजे घटिकापात्र. पळ इकडे तिकडे झालं तरी भटजी डोळे वटारतात. या बाईच्या लग्नाला मुहूर्तच नाही, ती पोचेल तेव्हा लग्न. म्हणजे मग घाई कसली? मी वर विनोदही केला. म्हटलं, "तू गेल्याशिवाय लग्न लागत नाही ना? मग नवरी काय पळून जाते की काय?"

ओट्याखाली तिच्या पाड्याच्या दोघी-तिघी उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. जिवलीबायने पदर तोंडावर ओढला. मला वाटलं, लाजली.

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, मी तिला बसवून घेतलं. तिची भाची खोडाळ्यात दिली होती, तिच्याकडे ती वस्तीला राहिली. 'राहिली' कसली, गणपतने राहायला सांगितलं. मी तिला पांढऱ्याबद्दल विचारलं, बैलाबद्दल विचारलं. ती प्रत्येक वेळी डोंगराकडे बघून उत्तर द्यायची. धवळे किती? लगीन लागेपर्यंत पुरतील एवढे. कोणी शिकवले? आयसने. आईला कोणी? तिच्या आयसने. बैल? बैल नांगराला. पांढरा? "चौक पांढरा," ती म्हणाली. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक काढतात, त्यात देवी बसते, त्याशिवाय लग्न नाही. मी 'पांढरा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. आबासाहेब जिंकले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शंभराव्यांदा "पण धवळा म्हणजे काय?" विचारल्यावर ती उठून उभी राहिली. पहिल्यांदा आवाज चढला तिचा.

"धवळा म्हणला का तो तिचा न् ती त्याची. नाय म्हणला का कोण कोणाचा नाय. येवढाच. आता जाऊ मी?"

मी वहीत उतरलं. कोणत्याच पोथीत न मिळणारा अर्थ! वही मिटून पिशवीत टाकली. आणि म्हटलं, "चल, मीही येतो. लग्नात ऐकेन."

सूर्यमाळची चढण

तीन कोसांची वाट, पण सगळी उभी. झाडं निष्पर्ण, पायाखाली पानांचा चुरा, वर ऊन. जिवलीबाय पुढे जवळजवळ धावत होती. माझ्या जोड्याचा अंगठा अर्ध्या वाटेत तुटला. गणपत त्याला सुतळी बांधत बसला. ती वीस पावलं पुढे जाऊन थांबली, परत आली, पुन्हा गेली. मी हाश्शहुश्श करत दगडावर बसलो आणि म्हटलं, "बाई, जरा दम घेऊ दे. मी शहरातला माणूस."

ती थांबली. आजही मला विचारावंसं वाटतं, अगं, थांबलीस कशाला? मला तिथेच टाकून जायचंस ना!

एक ओढा लागला, कोरडा. त्याच्या पात्रात बायकांनी हातभर खड्डे उकरले होते आणि तळाशी जमलेलं गढूळ पाणी करवंटीने मडक्यात भरत होत्या. एक मडकं भरायला किती वेळ लागत असेल याचा हिशेब मी केला नाही. सूर्यमाळचं पाणी ते. उन्हाळ्यात तेवढंच.

त्या ओढ्याच्या वर वळणावर एक माणूस भेटला, खाली येत होता. तो जिवलीबायला बघून जागच्या जागी उभा राहिला.

"नको धावस," तो म्हणाला. "रुपी गेली. दिस उगवताना."

जिवलीबाय वाटेतच खाली बसली. पुडी मांडीवर ठेवली. रडली नाही.

मी विचारलं, रुपी कोण? आणि मग ती बोलायला लागली. आदल्या दिवशी एकेक शब्दासाठी मी जिच्या विनवण्या केल्या ती बाई न विचारता बोलत होती. रुपी म्हणजे नवरी. म्हातारी. काशा तिचा नवरा, म्हणजे नवरा नव्हेच अजून. तरुणपणी दोघं एकत्र राहायला लागले, पोरं झाली, नातवंडं झाली. लग्नाला तांदूळ लागतात, ताडी लागते, सगळा पाडा जेवायला घालावा लागतो. कधी पाऊस बुडाला, कधी बैल मेला, लग्न पुढे गेलं. या लोकांत असं चालतं, कोणी नावं ठेवत नाही. पण मरणाच्या आत लग्न लागायला पाहिजे. लागलं नाही तर बाई त्याच्या घरची होत नाही. मेल्यावर तिचं नाव त्याच्या घरच्या देवांत घेत नाहीत. ती जन्मली तिथली, तिच्या बापाच्या पाड्याची. रुपीला खोकला लागला होता पावसाळ्यापासून. या महिन्यात तिने अन्न सोडलं. तेव्हा पाड्याने मूठ मूठ तांदूळ गोळा केले.

"काल का नाही सांगितलंस?" मी ओरडलोच. "अगं, एक शब्द बोलली असतीस तर मी तुला खांद्यावर घेऊन पोचवलं असतं!"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, हेच वाईट होतं.

"धवळेरीने लगीन लागेपर्यंत मरणाचा नाव नाय काढायचा. नवरीचा दुखनाबी नाय सांगायचा, तिच्यादेखत कोनीबी नाय. ज्या तोंडाने धवळा म्हणायचा, तो तोंड विटाळतो. मग तो धवळा लागत नाय. तुना सांगितला असता तर मी गेली असती, पन लगीन कोन लावता?"

"आणि आता?"

"आता सांगते. आता या तोंडाला काय करायचा?"

गणपत पाठ करून उभा होता. त्याने छातीवरचा बिल्ला उलटा फिरवला होता.

सूर्यमाळ

पाडा म्हणजे टेकडीवर विखुरलेली कुडाची घरं. काशाच्या दारात मांडव होता, जांभळीच्या डहाळ्यांचा, अजून हिरवा. दार उघडं होतं आणि आत गेरूने सारवलेल्या भिंतीवर पांढराशुभ्र चौक काढलेला दिसत होता. चारी बाजूंनी नक्षी, मध्ये देवी, भोवती झाडं, माणसं, मोर. इतकं सुंदर पांढरं मी जन्मात पाहिलं नाही. आणि मी काय केलं? खोटं कशाला बोलू. त्या दारात उभं राहून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आबासाहेबांचंच बरोबर, धवल म्हणजे पांढरं. माणूस विद्येपायी किती नीच होऊ शकतो ते मला त्या दारात कळलं.

रुपी तिथे नव्हती. सकाळीच तिचे भाऊ येऊन तिला तिच्या बापाच्या पाड्यावर घेऊन गेले होते. काशाने तिला उचलायचं नव्हतं. मागून चालायचंही नव्हतं. त्याचा तिच्यावर काही हक्क लागत नव्हता. तो एकटा चौकासमोर बसला होता, कमरेला नवीन धोतर, लग्नाचं.

जिवलीबाय आत जाऊन त्याच्या शेजारी बसली. हळकुंडं आणि बांगड्या चौकाखाली ठेवल्या.

"उशीर झाला गं तुना," काशा म्हणाला.

"झाला, दादा."

"काल दिसभर ती विचारत व्हती. जिवली दिसते का वाटेला, बघा. पोरीला दारात उभी ठेवला व्हता. रात झाली तं बोलली, सकाळी येल."

जिवलीबाय माझ्याकडे बोट दाखवेल म्हणून मी दारात वाट पाहत होतो. दाखवलं असतं तर फार बरं झालं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या, पाय धरले असते. तिने नाही दाखवलं.

मीच बोललो. म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे उशीर झाला. मीच तिला बसवून ठेवलं."

त्याने मान वर केली. मी कोण, कुठला, काही कळलं नाही त्याला. त्याच्या लेखी मी उन्हातून आलेला एक पाहुणा होतो. तो उठला, कोपऱ्यातल्या झाकलेल्या मडक्यातून तांब्याभर पाणी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. स्वच्छ होतं. कोणीतरी गाळून गाळून भरलेलं.

"पी," तो म्हणाला. "नवरीला हळदीच्या न्हाण्याला भरला व्हता. बायकांनी दोन दिस भरला. आता कोन न्हातो?"

मी प्यालो. नाही म्हणायचं कसं, ते मला सुचलं नाही.

मग मी जिवलीबायला बाजूला घेऊन हात जोडले. म्हटलं, "अजून काही करता येत असेल तर कर. धवळा म्हण. ती तिच्या बापाच्या पाड्यावर असेल अजून, आपण तिथे जाऊ. लागेल तो दंड मी सोसतो, पंचांच्या पाया पडतो."

"दादा," ती म्हणाली, "दोन जीव लागतात."

एवढंच. ती पुन्हा आत गेली. मी उतरणीला लागलो. गणपत मागून येत होता.

नाशिक

आबासाहेब ओसरीवर वाटच पाहत होते. मी वही वाचून दाखवली. वाण्याचं धोळ वाचलं, चौकाचं पांढरं वाचलं, आणि शेवटी जिवलीबायचा अर्थ वाचला. त्यांच्या गढूळ डोळ्यांत पाणी आलं. "अरे, हा अर्थ कुणालाच मिळाला नव्हता!" म्हणाले. "पुण्याच्या बुवांना आता तोंड लपवावं लागेल." त्यांनी मलाच चिठ्ठी लिहायला बसवलं. शब्द, धवळा. मूळ, धवल. अर्थ एक, दोन, तीन. तिसऱ्याला 'मोखाड्याच्या डोंगरात' अशी खूण.

"आता वाक्यात उपयोग," आबासाहेब म्हणाले. "तिकडचंच दे. ऐकलेलं."

मी लेखणी दौतीत बुडवली. म्हटलं, "रुपीचा धवळा राहिला."

"वा, छान. छोटं आहे. लिही."

मी लिहिलं. रुपी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. कोशात कोणी विचारतही नाही. म्हणून ती कोण होती ते इथे लिहून ठेवलं.